असल बरहुकूम

जनकगंजात जानेवारीत नळाचं पाणी चावतं.
वीज गेली की मी गरम बाटल्या
फडक्यात गुंडाळून हंबीरच्या पेट्यांत ठेवते,
आधी सापांना, मग त्याच्या पायाशी.
हा क्रम त्यानेच ठरवलेला, बोलता येत होतं तेव्हा.

भदौरियांचा मुलगा भिंडहून मोटरसायकलवर आला,
मिशीवर धुकं घेऊन.
मी अकरा नंबर उघडली.
बॉल पायथन, मादी, दीड वर्षाची,
रंग म्हणाल तर गुळाची ढेप.
त्याने तिला मनगटावर फिरू दिलं,
पोट पाहिलं, तोंड पाहिलं.
"काग़ज़ है?"

मी सरकारी नोंद पुढे केली.
तीत जात आहे, लिंग आहे, एक नग आहे.
बाप नाही.
तो हसला नाही. बरा मुलगा.
म्हणाला, दिसतंय ते मलाही दिसतं, जीजी,
न दिसणारं लिहून द्या.

न दिसणारं म्हणजे असं:
हिच्या घराण्यात कुणी पांढऱ्या ठिगळांचं होऊन गेलं.
ते पांढरं हिच्या अंगावर नाही,
पण रक्तात असेल
तर हिच्या पिल्लांत उगवेल,
जोडही तसाच मिळाला तर.
तेवढ्या एका ओळीवर चार हजारांचे तीस होतात.
ओळ नसेल तर गूळ.

एकतीस वर्षं मी तहसिलीत नकला केल्या.
खसरे, वारसनोंदी,
संस्थानी अमदानीतले पिवळे कागद,
ज्यांच्या तळाशी 'असल बरहुकूम' लिहिलेलं असायचं.
कागदावर बाप नाही म्हणून
दोन बिघे गेलेली माणसं पाहिली,
आणि कागदावर बाप आहे म्हणून
भलत्याच्याच पदरात पडलेलेही पाहिले.
हंबीरचं अक्षर मला येतं,
त्याचा मोडका र, त्याचा उताणा ल.
त्याची वही सापडत नव्हती.
कोरा कागद सापडत होता.

तो खाटेवरून बघत होता.
कुठलं अंडं कुठल्या रात्री फुटलं, कोण कुणाचं,
सगळं त्याच्या डोक्यात आहे.
जीभ ऑगस्टात गेली.

हिची आई चार नंबर?
डोळे एकदा मिटले. हो.
बाप सात?
हो.
दोघं तपकिरी, पण दोघांच्याही रक्तात पांढरं?
हो.
मग हिच्यातही आहे. लिहू?
मुलाने पेन पुढे केलं.
मला फिजिओचं बिल दिसत होतं,
तारखेसकट.

हंबीरने डावा हात उचलला.
पंजा उघडला, आणि हलवला,
इकडे, तिकडे.
भाजीत मीठ पुरे का म्हटल्यावर
आई हलवायची तसा.

मुलाला माझ्याआधी कळलं.
"छियासठ," तो म्हणाला.
तिघींतल्या दोघींत असतं, एकीत नसतं,
अंगावरून सांगता येत नाही.
तीस हजारांचे अकरा झाले
एका पंजाच्या हलण्याने.

मी रागावले. खोटं कशाला बोलू.
पाच महिन्यांत त्याने स्वतःहून
पहिल्यांदा काही सांगितलं,
आणि ते हे.

लिहिलं: आई चार, बाप सात,
दोघांत असल्याचं ठाऊक,
हिच्यात सहासष्ट टक्के शक्य.
खाली त्याने डाव्या हाताने काहीतरी काढलं,
ओळ सोडून वळवळत कोपऱ्यात गेलेलं.
शेजारी मी लिहिलं,
सही हंबीरराव मोहिते यांची, माझ्यासमक्ष.

मुलाने तिला उशीच्या अभ्र्यात घातलं,
अभ्रा जाकिटात, पोटाशी.
कागदाची मात्र घडी घालू दिली नाही.
प्लॅस्टिकच्या पाकिटात, सरळ, पाठीला.

तो गेल्यावर सवयीने दुसरी प्रत काढली.
तळाशी ते दोन जुने शब्द.
सगळं उतरलं.
सही उतरेना.
तीनदा केली.
हंबीर बघत होता,
डावा हात पांघरुणाबाहेर.