चारशे बारा

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या नव्या शोरूमच्या गच्चीवर
एसी चढवलाय. साडेआठ टनांचा, सेकंडहॅण्ड,
कुठल्याशा मोडीत काढलेल्या कारखान्यातला.
प्लेटवरची धूळ मी अंगठ्यानं पुसली:
चारशे साठ व्होल्ट, साठ हर्ट्झ.

चिलका शेठ म्हणाले, ‘जोड की रे नरसय्या,
वीज ती वीज.’
म्हटलं, चप्पल ती चप्पल शेठ,
तरी आठ नंबरात दहाचा पाय जातो का?
खाली काउंटरवर पाच पोरी
पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या.

मीटरच्या पिना टेकवल्या, तिन्ही फेज.
चारशे बारा. चारशे चौदा. चारशे बारा.
मे महिना, भर दुपार,
आणि आकडा जागचा हलत नाही.

लहानपणी याच गल्लीत
माग सुरू झाले की आमचा बल्ब
हळदीच्या पाण्यासारखा व्हायचा.
आई म्हणायची, ‘लागले बघ नायना कामाला.’
त्या उजेडात मी तेराचा पाढा पाठ केला,
अजून अडखळतो.

शेठ खूश: ‘बघ, फुल्ल व्होल्टेज!
पूर्वी मिळत होतं का असं?’
मी कान दिला.
पलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून
एकाच मागाची खटखट.

वहीत लिहिलं:
मशीन परत पाठवा. चारशे पंधराचं, पन्नास हर्ट्झचं मागवा.
सप्लाय उत्तम.
‘उत्तम’ खोडलं. ‘ठीक’ लिहिलं.

उतरताना पोरींना सांगितलं,
अजून आठवडा तरी लागेल.