हात वर

नारिनमध्ये पहाटेचे चार. काळोख, आणि स्टोव्ह विझलेला.
मी पलंगाच्या कडेला बसून
मांड्यांजवळची झालर बोटाने बाहेर काढते,
आधी डावीकडची, मग उजवीकडची, गोल फिरवत.
फार्मसीतल्या पोरीने शिकवलं होतं, हळू आवाजात:
“एजे, ही आत दुमडली ना, की महागातलाही गळतो.”
मग तिने पुडा काळ्या पिशवीत घातला,
ती पिशवी दुसऱ्या पिशवीत,
जणू मी चोरून दारू नेत होते.

एकदा जाऊन आले. पडदे ओढले, चूल झाकली,
पुन्हा जाऊन बसले.
दुसऱ्यांदा येतं ते चमचाभर,
पण घाटात घात करतं ते तेवढंच.

गडद स्कर्ट. पिशवीत दोन सुटे,
एक जास्तीची विजार, वास न सोडणारी झिपची पिशवी.
आणि बसायला घरचंच आसन,
वरून मेंढीची लोकर, आतून रबर.
लोक म्हणतात, म्हातारीला गारठा बाधतो.
म्हणू देत.

पाणी मात्र तोडलं नाही.
मागे कोचकोरच्या लग्नात तोडलं होतं,
दिवसभर पियालीला नुसते ओठ लावले.
तरी आलंच. पिवळंजर्द, जळजळत.
आल्सुलूच्या नव्या कोऱ्या सोफ्यावर
शेवटचा पाहुणा जाईपर्यंत बसून राहिले.
नाचायला ओढत होत्या.
“गुडघे,” म्हणाले.

मार्श्रुत्कात दाराजवळची जागा, काल फोन करून राखलेली.
डोलोनच्या वळणांवर सगळे पेंगतात
आणि मला आठवतो सोवेतबेक.
तिसरी ब, भागाकाराचा तास.
तीनदा हात वर केला होता त्याने.
“मधल्या सुट्टीपर्यंत थांब,” मी म्हणाले, तिन्ही वेळा.
मग बाकाखालून निघालेली एक काळी रेघ
फळ्यांच्या फटीतून स्टोव्हपर्यंत गेली.
मी फळ्याकडे तोंड करून
सातने भागत राहिले.
त्यानंतरचा सगळा हिवाळा
तो दोन विजारी घालून आला.
मला वाटलं, थंडी.

बत्तीस वर्षं मला वाटत होतं, थंडी.

ओर्तो-तोकोयचं धरण लागलं.
एवढं पाणी खिडकीतून सरकत राहिलं की
शरीर स्वतःचंच काहीतरी ठरवतं.
पॅड घेईल, हे ठाऊक आहे. एकदा घेईल.
बिश्केक अजून तीन तास.
ड्रायव्हर फोनवर बोलतोय, गाणं मोठ्याने.
खोकून पाहिलं. तेही चुकलंच.

मग मी हात वर केला.
कोपर सरळ, बोटं जुळलेली,
आम्ही मुलांना शिकवायचो तसा.
“बाळा, थांबव. मला लघवीला जायचंय.”

गाणं बंद झालं.
कुणीच काही बोललं नाही.
नंतर मागच्या सीटवरचा चामडी जाकिटातला पोरगा
खाकरला, “मलाही.”
दोन बायका आधीच बूट शोधू लागल्या होत्या.

रस्त्याकडेला दगडी भिंत, अर्धी पडलेली.
एकीने माझ्यासमोर कोट पसरून धरला,
तोंड डोंगराकडे फिरवून.
वाऱ्याने मांड्या बधिरल्या. नवा चढवला.
झालर बाहेर काढली. डावीकडची. उजवीकडची.
“घाई नको, एजे,” ती म्हणाली,
“मी जुळ्यांची आई आहे.”

बिश्केकला नातवाच्या पायांना
काळी-पांढरी दोरी बांधून ठेवली होती.
अंगणापलीकडून पोरं शर्यतीला उभी,
पहिला येईल तो कापणार,
आणि मग हा चालणार.
मी खाली बसून त्याच्या डायपरमध्ये बोट घातलं,
दुमडलेली झालर बाहेर ओढली.
“हे तुला कुणी शिकवलं?” लेक हसली.
“आमच्या वेळी तर कापडाचे तुकडेच होते.”

तेवढ्यात पोरं सुटली, एकच आरडाओरडा.
मी तिला ऐकू आलं नाही असं दाखवलं,
आणि उठताना, सवयीने,
आसन आधी पाहिलं.
कोरडं होतं.