अकरा ते चार

मृण्मयीताई बाणेरहून आल्या, छातीवर कागदी झेंडा,
म्हणाल्या, मावशी, आज सव्वीस जानेवारी,
आज बाबांजवळ मी आहे, तुम्ही जाऊन या.
कुठे, ते नाही म्हणाल्या.
चारपर्यंत, एवढंच म्हणाल्या.

अकरा ते चार.
चौदा महिन्यांत एवढा लांब वेळ
हातात आला नव्हता.
कोरी नोट मोडायला जीव होत नाही
तशी मयूर कॉलनीच्या कोपऱ्यावर
नुसतीच उभी राहिले.

झेंडावंदन करून शाळेची पोरं परतत होती.
एकाच्या बुटाची लेस सुटलेली,
वाकून बांधावी म्हणून हात पुढे गेला.
हाताला म्हटलं,
आज सुट्टी आहे.

मेट्रोत लोक नुसते बसायला आलेले,
वनाज ते रामवाडी, रामवाडी ते वनाज.
कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं
आणि सगळ्यांना खिडकी हवी होती.
मी पण काढलं तिकीट. शेवटचं द्या म्हटलं,
गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंतचं.

नदी आली तसा अख्खा डबा एका बाजूला झाला.
काळी, बारीक, कडेनं पिशव्या अडकलेली.
आमची तेरणा हिच्यापेक्षा बरी,
पण तिला कुणी तिकीट काढून बघत नाही.

एका कुटुंबानं फोन दिला हातात,
मावशी, एक फोटो काढा ना.
तीन काढले. एकात माझं बोट आलंय,
तेवढी मी त्यांच्या घरी गेले.

बाराला काकांची कूस बदलायची असते.
मीच सीटवर या अंगावरून त्या अंगावर झाले.
एकला पेज, गाळून. मग पाणी, चमच्यानं,
मान जरा उचलून, नाहीतर ठसका लागतो.
दोनचं सांगण्यासारखं नाही.
डावा खांदा दुखतो त्यांचा, तो धरून उठवायचं नसतं,
हे फ्रीजवर लिहून ठेवलंय मी,
पण फ्रीजवरचं कोण वाचतं?
फोन काढला. परत पिशवीत टाकला.
रामवाडीला उतरून पुन्हा तिकीट काढलं.
दोनदा गेले, दोनदा आले,
दुसऱ्या वेळी नदीला मी उठले नाही,
ओळखीची झाली होती.

नळ स्टॉपला जिलबीची रांग,
थेट फुटपाथवरून खाली रस्त्यावर.
घरात माणसं किती? त्यानं विचारलं, काट्यावर हात ठेवून.
हिशोब करायला लागले मी.
औशाला सासूबाई आणि थोरला,
लातूरला धाकटी, होस्टेलवर,
तिसऱ्या मजल्यावर काका, त्यांना गोड बंद,
आणि मी.
मागचा माणूस खाकरला.
पाव किलो द्या, म्हटलं.

सव्वातीनलाच सोसायटीच्या फाटकाशी पोचले.
पाय असेच आहेत, मोकळे सोडले की
बांधल्या जागी येतात.
वर नाही गेले.
बदामाच्या झाडाखाली बाकडं आहे,
येता-जाता रोज दिसतं, बसले कधीच नव्हते.
तिथून आमची गॅलरी दिसते.
माझी निळी साडी वाळत होती,
खालून बघितलं तर वाटावं
तिथं कुणीतरी राहतं.

वॉचमन पोपटराव खुर्चीतून म्हणाले,
आल्या का मावशी?

नाही अजून, म्हटलं.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं,
काही बोलले नाहीत.
पुडा पुढे केला, दोन घेतल्या.
जिलबी गार झाली होती, पाक तेवढा जिवंत.
बोटं चिकटली.
नळ चार पावलांवर होता.
मी हात तसेच मांडीवर ठेवले, उन्हात,
पावणेचार होईस्तोवर,
मग पुढे आणखी थोडा वेळ.