टाकीखालची खोली

पूर्णा इथून दोन कोस.
कुठंही बोअर मारा, खारंच लागतं.
तरी आम्ही मिठाचं पोतं विकत आणतो,
पंधरवड्याला एक, बिगर आयोडीनचं.
दुकानदार दर खेपेला हसतो.

टाकीखालच्या खोलीत सेल आहे:
हातभर लांबीची पारदर्शक नळी,
आत टायटॅनियमचे पाच पत्रे, एकमेकांना न शिवणारे.
बटन दाबलं तर काही फिरत नाही,
पट्टा नाही, चाक नाही.
बारा व्होल्टचा करंट एकाच दिशेनं जातो,
तास धरलेल्या बैलासारखा,
आणि पाण्याला शहारा येतो.

शालिकराम तायडे, माझ्या आधीचा ऑपरेटर,
चावी देताना म्हणाला,
"हे मशीन नोहे बाई, काडीमोड हाय.
मीठ अन् पानी, दोघाईले तोडते,
मंग तुकड्यातुकड्याचा पाट लावून देते.
त्याचं जे होते, ते टाकीत सोडाचं."
बोलून गेला, मग जीभ चावली.
माझे कागद तालुक्याला झाले,
हे गावात कोणाला माहीत नाही?

मी विचारलं, "आन हे बुडबुडे?"
"तो हायड्रोजन. त्याचा पाट लागत नाही.
वर पाइप हाय, जाऊ द्याचा.
फक्त जवळ बिडी पेटवू द्याची नाही कोणाले."

पहिल्याच महिन्यात मी चूक केली.
बोअरच्याच पाण्यात मीठ कालवलं.
पत्र्यांवर पांढरी खरपुडी चढली,
करंट अडला, अ‍ॅम्पिअरचा काटा झोपला.
रात्रभर अ‍ॅसिडमध्ये बुडवून ठेवले पत्रे.
खरपुडी फसफसत सुटत होती
आणि मी स्टुलावर बसून ऐकत होते.
तेव्हापासून पावसाचं पाणी साठवते,
दोन निळे ड्रम, झाकून.

हाताचा वास आता भाकरीला लागतो.
आईनं बोलणं सोडलं त्यावर.

दुपारी सरपंच आले, खिशात हात घातला.
मी पाइपाकडं बोट केलं.
त्यांनी बिडी कानावर ठेवली.
गावात एवढं माझं कोणी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी शेवटच्या नळावर गेले,
अंतकलाबाई खंडारेंच्या.
काचेच्या नळीत औषधाचा थेंब सोडला,
पाणी पिवळं झालं, हवं तेवढं.
वहीत लिहिलं.
बाईंनी वाकून पाहिलं.
"गोड झालं का व पानी?"
"नाही मावशी. खार यानं जात नाही.
जंतू मरतात."
त्यांनी गुंड उचलला, कमरेवर घेतला,
चार पावलं गेल्या, थांबल्या.
"मंग दिवसभर तू त्या खोलीत
आयकत काय बसते?"