करून राहिलो

जूनच्या शेवटी शाळा उघडली, पुस्तकं नाही.
तांडापेठ, पहिलीचा वर्ग, एकोणतीस पोरं,
खडूचा एक डबा
आणि पाणी नसलेला कूलर, नुसतं ऊन फिरवणारा.
गठ्ठा गोदामात आहे म्हणाले,
मग ट्रकमध्ये आहे म्हणाले,
मग म्हणणंच बंद झालं.

पोरांना म्हटलं, खिसे रिकामे करा.
गोटी. चिंचोका. बसचं घामानं मऊ झालेलं तिकीट.
खर्‍याची पन्नी
(कोणाच्या बापाची ते मी विचारलं नाही).
आणि आजोबांच्या मागावरची तुटकी कांडी.
धिस इज अ टिकट. धिस इज अ...
तेजल निमजेनं कांडी उचलली,
बाई, ह्याले इंग्रजीत काय म्हणते?
मला येत नव्हतं.
येत नाही असं वर्गासमोर म्हणायला
मला अर्धा मिनिट लागला.
मग म्हटलं, धिस इज अ कांडी.
त्यांना लागली तर शिकतील ते.

दुपारी रांग करून गोळीबार चौकात.
पंक्चर. रिचार्ज. ट्रकच्या मागं स्टॉप.
युग हेडाऊला स्वतःचं नाव वाचता येत नाही,
स्टॉप येतं. कसं रे?
लाल हाय ना बाई.
पोह्यांच्या गाडीजवळ मी हॉट शिकवलं.
हॉट म्हणजे गरम का तिखट?
दोन्ही.
दोघाईले एकच शब्द?
तर्रीकडे बघत सगळ्यांनी
इंग्रजीची थोडी कीव केली.

पुण्याला डीएडला होते तेव्हा
एकदा बोलून गेले, मॅडम, मी लिहून राहिली.
वर्ग हसला.
मॅडम हसल्या नाहीत, शांतपणे म्हणाल्या,
असं मराठीत नसतं.
चौदा वर्षं ते रूप मी
चपलेसारखं शाळेबाहेर काढून ठेवलं.

ऑगस्टात आय ॲम ईटिंग आलं.
मी खात आहे, मी म्हटलं.
एकोणतीस कोरी तोंडं.
यांच्या घरी कोण जेवताना
खात आहे म्हणतं?
पुन्हा म्हटलं. हातानं घास करून दाखवला.
आणि तोंडातून निसटलंच,
अरे, मी खाऊन राहिली!
हाऽऽ, म्हणाला वर्ग,
एवढंच होय.
रनिंग, पळून राहिलो.
क्राइंग, रडून राहिली, खोटं खोटं.
नथिंग, म्हणाला युग, काहीच नाही करून राहिलो,
आणि मला त्यात चूक सापडेना.

त्याच गोंधळात केंद्रप्रमुख दारात.
कोणतं पान चालू आहे?
पान नाही चालून राहिलं सर, तेजल म्हणाली,
आमीच चालून राहिलो. वी आर वॉकिंग.
सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.
काय ते अजून कळलं नाही.

पुस्तकं दिवाळीनंतर पोहोचली.
पहिल्या पानावर सफरचंद.
जुने पेपर आणा म्हटलं, कव्हरं घालू.

क्षितिज धकाते कमी बोलतो,
हजेरीलाही नुसता हात.
मारबत निघाली त्या दिवशी
त्याचा बाप गेला सुरतेला, पॉवरलूमवर.
मिरवणुकीच्या गर्दीत ऑटो अडकला होता म्हणे,
गाडी चुकेल असं वाटलं होतं.
चुकली नाही.
फोन आधी रोज, मग रविवारी.

कव्हर दुमडता दुमडता, मान खाली,
क्षितिज म्हणाला,
फादर इज गोइंग सुरत.

तीन महिने झाले होते.
गेला, असं हवं.
त्याला इंग्रजीत वेगळं रूप आहे,
पण ते पुढच्या इयत्तांत येतं.
मी त्याचं वाक्य फळ्यावर लिहिलं,
मध्ये टू तेवढा घातला.
बाकी तसंच ठेवलं.
सुट्टीची घंटा झाली,
डस्टर हातात होता.