शंभर ते दोनशे चाळीस

पोराने टॉवेलात गुंडाळून आणला होता गेमचा डबा,
आजारी कोंबडं आणावं तसा.
मागे बाप, किल्ल्या वाजवत.
रेसिफेतली दुपार, दोन वाजलेले,
शटर अर्धं खाली, आणि माझं जेवण राहिलेलं.

"दिवा लागत नाही," पोरगा म्हणाला.
"पंखा?"
"तोही नाही."
"काही आवाज?"
त्याने बापाकडे पाहिलं, मग टॉवेलाकडे.
"टक्. एकदाच."

जेनिल्दुला, म्हणजे बापाला, धीर नव्हता.
"लिहून द्या मला, साल्वादोरला जळला म्हणून.
तिथली लाइन एकशे सत्तावीसची, आपली दोनशे वीसची.
सुट्टीत हा आईकडे जातो, रात्रभर बसने,
दर वेळी काहीतरी मोडून आणतो.
तिला कुठे कळतंय कशात काय खुपसायचं."
पोरगा टॉवेलाची घडी घालत राहिला.
घातलेली उलगडून पुन्हा घातली.

एकोणतीस वर्षं मी हेच करते.
लोक यंत्र आणतात
आणि सोबत आरोपीही आणतात.

झाकण काढलं. सप्लायची पेटी वेगळी केली.
आधी मोठा कपॅसिटर रिकामा करायचा:
प्लग काढून दिवस लोटले तरी
त्याच्या पोटात उरलेलं असतं काहीतरी,
आणि ते बसतं
ज्याचा काही संबंध नाही त्याच्या बोटाला.
बल्बच्या दोन तारा टेकवल्या.
बल्ब लख्ख झाला, गेला.
"हे काय होतं?" तालिस पुढे सरकला.
"जुनं होतं," मी म्हटलं.

फ्यूजची काच आतून काळीकुट्ट.
वयाने गेलेला फ्यूज असा दिसत नाही,
नुसती तार तुटते, गुपचूप.
हा तर भडकून गेलेला.
मनात शंकेची पाल चुकचुकली
आणि टॉर्च मारला तर
पालच.

पुढचा पाय या टाक्यावर, शेपूट त्या टाक्यावर,
वाळून चिंचेच्या सालीसारखी झालेली.
उबेला शिरली असणार जाळीतून,
अंग ताणलं असणार.
टक्. एकदाच.

"तिकडचीच असणार," जेनिल्दु म्हणाला.
मी त्याच्याकडे पाहिलं.
तो किल्ल्यांकडे पाहू लागला.

चिमट्याने तिला काढलं, टाके स्पिरिटने पुसले,
नवा फ्यूज बसवला.
पेटी उलटी करून तालिसपुढे धरली. "वाच."
अक्षरं मुंगीएवढी. त्याने डोळे बारीक केले.
"शंभर ते... दोनशे चाळीस."
"म्हणजे?"
"म्हणजे याला दोन्हीकडचं चालतं?"
"चालतं. बाहेरून काहीही येवो,
हा आत बाराच देतो. दोन्ही घरी बाराच."
त्याने बोट फिरवलं आकड्यांवरून.
"मग याला काहीच होत नाही?"
"तापतो," मी म्हटलं.
"मधूनमधून कुणीतरी हात लावून बघावं."
हे मी पोराकडे पाहून म्हटलं नाही.

मग सिरीजला बल्ब लावून लाइन दिली.
या वेळी मीही श्वास धरते, अजून.
बल्ब भडकलाच तर समजायचं, आत आणखी मेलंय काही.
एकदा चमकला, मंद झाला, मंदच राहिला.
डबा जोडला. पंखा फिरला.
निळा दिवा.
तालिस ओरडला नाही. नाकावरचा घाम पुसला फक्त.

बिल लिहिलं:
फ्यूज, एक. साफसफाई.
कारण: पाल, एक. गाव माहीत नाही.
जेनिल्दुने ते दोनदा वाचलं,
घडी करून खिशात ठेवलं, पुन्हा काढलं,
पैसे मोजले. सुटे माझ्याकडे नव्हते,
तर म्हणाला, राहू द्या.

पोराने फ्यूजची रिकामी डबी मागून घेतली.
"आईला दाखवीन."
बाप शटरखालून वाकून निघाला,
डबा या वेळी त्याच्या काखेत, टॉवेल खांद्यावर,
आणि बाहेर उन्हात थांबून म्हणाला,
"बघू. मला नीट दिसली नाही मघाशी."