अडीच फेरे

मी टेम्पोखाली होतो, म्हणून आधी चाकं पाहिली.
तारेच्या आऱ्यांची, सायकलीसारखी,
पुढच्या डाव्या चाकाचा एक आरा तुटलेला.
मग मेहरुन्निसाबाईंच्या चपला.

"उस्मान, हिला पॉवर स्टेअरिंग बसवायचं."

बाहेर आलो. हात पुसले. उगाच जास्त वेळ पुसले.
साठ सालची, दोन सीटांची, शेवाळी रंगाची,
चौगुलेसाहेबांनी कुवेतहून बोटीवर घातलेली
आणि दाभोळला फळ्या टाकून उतरवलेली.
खाऱ्या वाऱ्याने दारांच्या कडा कुरतडल्यात, पण इंजिन अजून
पहिल्या हाकेला ओ देतं.

साहेब म्हणायचे, हिचं स्टेअरिंग म्हणजे गळाची दोरी,
खाली काय लागलंय ते बोटांना कळतं.
ओली पानं कळतात. खडी कळते.
डांबर संपून जांभ्याची माती कुठे सुरू झाली
ते डोळ्यांआधी तळव्यांत येतं.
त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

"बाई, जुन्या चिजेला कापू नये."
"दोहाहून मुलगाही हेच म्हणाला," त्या म्हणाल्या,
"तिथे बसून."
मग उजवा हात वर करून दाखवला.
कानापर्यंत पोचला नाही.

"परवा फेरीबोटीवर काय झालं, ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. सगळ्या धोपाव्याने ऐकलं होतं.
उभ्या गाडीचं स्टेअरिंग सगळ्यात जड असतं.
खलाशी ओरडतोय, मारा, मारा, फुल्ल मारा,
मागे बर्फ गळणारा मासळीचा टेम्पो, त्याचा हॉर्न,
ओहोटी लागलेली,
आणि स्टेअरिंग तसूभर हलेना.
शेवटी एका पोराने दारावरून हात घालून वळवलं
आणि जाता जाता म्हणाला, "आजी, आता विका."

"विकू?" त्यांनी मला विचारलं.
मी टेम्पोकडे बघितलं.

चिपळूणच्या भंगारात एक अल्टो होती, झाडावर गेलेली.
तिची मोटर काढली,
सोललेल्या नारळाएवढी.
जुन्या गाडीचं अर्थिंग उलटं, प्लस बॉडीला.
ते ध्यानात येईपर्यंत दोन फ्यूज गेले
आणि बऱ्याच शिव्या.
रॉड कापायच्या दिवशी करवत दोनदा खाली ठेवली.
चहा मागवला, प्यायलो नाही.
कापलं तर आतलं पोलाद चकचकीत,
काल ओतल्यासारखं.
साठ वर्षांत त्याला आपलं खारं वारं
शिवलंच नव्हतं.

डॅशबोर्डखाली एक कळ बसवली.
पंख्याच्या रेग्युलेटरची, आतली वायर वेगळी.
शून्यावर साहेबांची गाडी, पाचावर बाईंची.
या कल्पनेवर मी दोन दिवस खूश होतो.

त्या आल्या, पाचावर लावून उतारापर्यंत जाऊन आल्या
आणि म्हणाल्या, "ही बोलतच नाहीये माझ्याशी."
तीनवर केलं. पुन्हा गेल्या.
आल्यावर काही म्हणाल्या नाहीत,
फक्त कापलेला रॉडचा तुकडा मागितला, वीतभर,
आणि पर्समध्ये टाकला.

मग मीही गेलो बरोबर फेरीबोटीपर्यंत.
तोच खलाशी. त्याने तोंड उघडलं, मारा, मारा, फु...
बाईंनी डाव्या हाताने अडीच फेरे दिले,
उजव्याने ओढणी धरली होती, वारा फार होता.
गाडी दोन रिक्षांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.
पुढचा "ल्ल" त्या माणसाने खाडीत थुंकला असावा.

पावसानंतर सर्व्हिसिंगला आणली तेव्हा
कळीवरचे आकडे पुसट झालेले, तीन आणि चार.
शून्य मात्र सगळ्यात पुसट.
"हे कधी लावता?"

"सड्यावर. तिथे रस्ता सरळ आहे, कुणी नसतं."
ऑइल बघत बघत त्या म्हणाल्या,
"खांदा दुखेपर्यंत."

मी बिल केलं. ब्रेक शू, ऑइल, एक पट्टा.
तो तुटलेला आरा मात्र
याही वेळी राहूनच गेला.